कोकणातलं लोखंड, खारा वारा आणि गंजरोधक रंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण-देवगड पट्ट्यात आम्ही गेटं, ग्रिल, जिने आणि पत्र्याच्या शेड करतो. काम हातात घेताना आणि दोन वर्षांनी तेच काम पुन्हा बघायला जाताना लोक जे विचारतात, ते इथे एकत्र लिहिलं आहे. कुठल्या कंपनीचा डबा घ्यावा, हे मुद्दाम लिहिलेलं नाही. आमच्या अनुभवात रंग फसतो तो बहुतेक वेळा डब्यामुळे नव्हे. तो चुकीच्या महिन्यात आणि न धुतलेल्या लोखंडावर मारलेला असतो.

"गेल्या गणपतीक तर रंग मारलंय, परत गंज कसो?"

उत्तर प्रश्नातच आहे. गणपतीला मारला म्हणून.

चाकरमानी यायच्या आधी घर नीट दिसावं, हे आपल्याकडचं जुनं गणित. त्यामुळे श्रावणात दोन सरींच्या मधल्या उन्हात गेट खरवडायचं, संध्याकाळी प्रायमर आणि दुसऱ्या दिवशी इनॅमल. वरून कोरडं दिसणारं लोखंड त्या दिवसांत कोरडं नसतं. डोळ्यांना न दिसणारा ओलावा आणि त्यात विरघळलेलं मीठ आपण रंगाखाली कोंडतो. रंग प्लॅस्टिकच्या पिशवीसारखा हवाबंद नसतो, त्यातून पाण्याची वाफ आत जातेच. आतलं मीठ ती ओढून घेतं, फुगा येतो, फुगा फुटतो आणि खाली तांबडी पूड निघते.

दुसऱ्यांना काय सांगायचं, आमच्या स्वतःच्या गेटचं आम्ही हेच केलं होतं. गणपतीच्या आदल्या शनिवारी गडद हिरवा इनॅमल मारला. तुळशीच्या लग्नापर्यंत खालच्या पट्टीवर हरभऱ्याएवढे फुगे आले होते. एक फुगा नखाने फोडला तर आतून थेंबभर पाणी आलं. खारट असणार, चव मात्र घेतली नाही.

मग रंगकाम करायचं कधी?

दिवाळीनंतर, शिमग्याच्या आत. बाप्पासाठी गेट धुऊन पुसून ठेवा, फारतर तोरण बांधा. रंगाचा डबा दिवाळीनंतर उघडा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीतसुद्धा पहाटे दंव पडतं, हे विसरू नका. लोखंड रात्री हवेपेक्षा जास्त गार होतं आणि त्याच्यावर पाणी सुटतं. रंगकामाचा नियम असा, की धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा (हवेतली वाफ ज्या तापमानाला दंव होऊन सुटते, त्यापेक्षा) किमान 3 अंशांनी वर हवं आणि हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली. घरी मोजायचं साधन नसेल तर ओलं फडकं लोखंडावर फिरवा. ओल पाच-दहा मिनिटांत आपोआप उडाली तर चालेल, तशीच चकाकत राहिली तर थांबा. साधारण सकाळी दहा ते दुपारी साडेतीन-चार हे कामाचे तास. चारनंतर मारलेला शेवटचा हात रात्रीच्या दंवात सापडतो आणि इनॅमलची चमक जाऊन तो दुधाळ दिसतो.

मार्चपासून आंब्याची गडबड सुरू होते आणि मग रंगाला माणूस मिळत नाही, ही वेगळीच अडचण.

आमचं घर समुद्रापासून दोन किलोमीटर आत आहे. तरी एवढा गंज?

लाट फुटते तेव्हा खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार वाऱ्यावर चढतात आणि आतवर येतात. किनाऱ्याला हा मारा सर्वांत जास्त असतो, आत जावं तसा कमी होतो. पण माड-पोफळीची आड नसलेल्या सड्यावरचं, म्हणजे उघड्या कातळ-पठारावरचं घर असेल, तर दोन किलोमीटर म्हणजे काहीच नाही.

मिठाची करामत समजायला फडताळातली बरणी बघा. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं ना? हवेची आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याला 33 टक्क्यांच्या आसपासची आर्द्रतासुद्धा पुरते. म्हणजे भर वैशाखातही तुमच्या ग्रिलवर पाण्याचा पातळ थर असतो, दिसत मात्र नाही.

आता एक गंमत. पत्र्याची वरची बाजू चार महिने पाऊस खाते, तरी अनेकदा आधी सडते ती खालची, सावलीतली बाजू. छज्जाखालची ग्रिलही उघड्यावरच्या गेटच्या आधी जाते. पाऊस गोड्या पाण्याने मीठ धुऊन नेतो. छज्जाखाली तो पोहोचत नाही, तिथे मीठ साचतच राहतं.

गंजरोधक रंग म्हणजे नेमकं काय? साध्या रंगापेक्षा वेगळं काय करतो?

साधा रंग आडोसा करतो, एवढंच. गंजरोधक प्रायमरमध्ये असा एक पदार्थ असतो, जो रंगातून झिरपलेल्या पाण्यात किंचित विरघळतो आणि लोखंडाच्या अंगावर जाऊन बसतो. आज सर्वांत जास्त वापरात आहे ते झिंक फॉस्फेट. त्यामुळे लोखंडावर पातळ, घट्ट थर तयार होतो आणि गंजाची क्रिया मंदावते. थांबत नाही, मंदावते. कोणी "आजन्म गंज नाही" म्हणून विकत असेल तर डबा खाली ठेवा.

यातून दोन गोष्टी निघतात. गंजरोधक थर थेट लोखंडाला चिकटलेला हवा. जुन्या इनॅमलवर महागडा प्रायमर मारून त्यातल्या औषधाचा काही उपयोग नाही, ते रोग्यापर्यंत पोहोचतच नाही. आणि प्रायमर तसाच उघडा ठेवायचा नसतो. त्यावर आडोशाचा रंग नसेल तर तो पदार्थ पहिल्या पावसात वाहून जातो. वेल्डिंग झाल्यावर प्रायमरचा एक हात मारून ग्रिल वर्षभर अंगणात टेकवून ठेवणारे खूप आहेत.

रेड ऑक्साइड मारलंय, पुरे ना?

निव्वळ रेड ऑक्साइड म्हणजे लोखंडाचं ऑक्साइडच, गंजाच्या घराण्यातलं. त्यात गंजरोधक गुण नाही, तो फक्त भर घालतो. शिवाय रंग गंजासारखाच, त्यामुळे खाली गंज सुरू झाला तरी महिनोन्महिने कळत नाही. डब्यावर "झिंक फॉस्फेट" असं लिहिलं आहे का ते वाचा. राखाडी रंगाचा मिळाला तर आम्ही तोच घेतो, गंजाचा पहिला डाग लगेच उठून दिसतो.

आजोबांच्या वेळचा शेंदरी प्रायमर उत्तम होता म्हणतात. तो आता का मिळत नाही?

उत्तम होता, यात वाद नाही. तो शिशाचा शेंदूर. तेलात कालवून लावला की हाताने खरवडलेल्या लोखंडावरही वर्षानुवर्षं टिकायचा. पण शिसं विषारी, मुलांच्या मेंदूला विशेष घातक. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखात 90 भागांवर जाऊ नये, असा नियम भारतात 2016 साली झाला आणि 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. पिवळ्या झिंक क्रोमेटचीही तीच कथा. गंजाला जबरदस्त, पण त्यातलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं.

म्हणून जुन्या घराच्या गजांवर खाली शेंदरी किंवा पिवळा थर दिसला, तर ग्राइंडर लावून धूळ उडवू नका. पाणी मारत ओल्या पॉलिश पेपरने घासा, तोंडाला नीट मास्क बांधा आणि निघालेला गाळ विहिरीपासून, मुलांपासून लांब ठेवा.

रस्ट कन्व्हर्टर खरंच गंजाचं लोखंड करतो का?

नाही. गंजाचं परत लोखंड होत नाही. या द्रावणांत बहुधा टॅनिक आम्ल किंवा फॉस्फरिक आम्ल असतं, कधी दोन्ही. टॅनिक आम्ल गंजाशी मिळून निळसर-काळा, न विरघळणारा थर करतं. ही रसायनविद्या आपल्याकडे जुनी आहे. हिरड्याच्या काढ्यात हिराकस (लोखंडाचा एक क्षार) घातला की काळी शाई होते, तीच ही. केळफूल लोखंडी विळीवर चिरलं की पातं आणि बोटं काळी पडतात, तोही याच कुळातला प्रकार.

वापरताना सैल पापुद्रे आधी वायर ब्रशने पाडा, धुवा, वाळू द्या आणि मगच लावा. घट्ट बसलेल्या पातळ गंजावर हे काम करतं, जाड खपलीच्या वरच्या कातडीवर नाही. चकचकीत लोखंडावर लावून काहीच उपयोग नाही. काळं झालं म्हणजे काम झालं, असंही नाही. त्यावर प्रायमर आणि रंग लागतोच. आणि खाली मीठ राहिलं असेल तर कन्व्हर्टर त्याचं काहीही बिघडवू शकत नाही.

मग मीठ काढायचं कसं?

गोड्या पाण्याने धुऊन. एवढं साधं, आणि नेमकं हेच कोणी करत नाही.

ही आमची पद्धत. आधी तेलकट डाग साबणाच्या पाण्याने काढायचे. मग वायर ब्रश किंवा ग्राइंडरचा वायर कप लावून सैल गंज पाडायचा. त्यानंतर पुन्हा पाणी, आणि नायलॉनचा ब्रश घेऊन खळग्याखळग्यांतून घासायचं. गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशी मीठ लपलेलं असतं. धुऊन वाळलेलं लोखंड सकाळी बघा. काही ठिकाणी रातोरात गडद, ओलसर ठिपके आलेले दिसतील, बाकी कोरडं. त्या ठिपक्यांखाली मीठ आहे. तिथे पुन्हा घासायचं आणि पुन्हा धुवायचं. तिसऱ्या धुण्याला ठिपके बहुतेक जातात. धुतल्यावर हलका नारिंगी गंज पटकन चढतो, तो कोरड्या पॉलिश पेपरने एका हातात निघतो आणि त्याच दुपारी प्रायमर.

विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते यासाठी नको. आणि किनाऱ्यावरची रेती घेऊन लोखंड घासणं म्हणजे मीठ चोळणं.

कोकम-चिंचेने गंज निघतो का?

निघतो. आंबट म्हणजे आम्ल, ते गंज विरघळवतं. कोयती, कडी, बिजागरी अशा लहान वस्तू चिंचेच्या कोळात रात्रभर बुडवून ठेवा. पण कोकमाचं आगळ वापरू नका. त्यात मीठ असतं. सोलकढीसाठीच ठेवा ते. नंतर भरपूर पाण्याने धुवून, उन्हात तापवून लगेच तेल किंवा प्रायमर लावायचा.

गावात जळकं ऑईल लावतात, ते काय वाईट?

नांगराच्या फाळाला, पहारीला चार महिन्यांपुरतं चालतं. पण एकदा ऑईल प्यायलेल्या लोखंडावर पुढे कुठलाच रंग धड बसत नाही आणि पावसाबरोबर ते विहिरीत उतरतं. गेटाला तर नकोच. घरातल्या विळी-कोयतीला खोबरेल पुरे.

इपॉक्सी घ्यावं का? महाग पडतं.

समुद्र दिसतो अशा घराला आम्ही इपॉक्सीच सांगतो. दोन डबे येतात, बेस आणि हार्डनर. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं आणि ते मापानेच घ्यायचं. "वायच ज्यास्त हार्डनर घाल, लवकर सुकात" असं ऐकलं की आमच्या पोटात गोळा येतो. जास्त हार्डनरने ते लवकर सुकत नाही, चिकट किंवा ठिसूळ होतं.

एकदा मिसळलं की घड्याळ सुरू. तापलेल्या दुपारी मोठ्या डब्यातलं मिश्रण स्वतःच गरम होत जातं आणि थोड्या वेळात दगड होतं. म्हणून थोडं थोडं मिसळा.

इपॉक्सीचा एक दोष म्हणजे त्याला ऊन सोसत नाही. वर्षभरात खडूसारखी पूड सुटते. त्यामुळे खाली झिंक फॉस्फेटचं इपॉक्सी प्रायमर, मध्ये इपॉक्सी आणि वरून पॉलियुरेथेन, असं तीन थरांचं अंगरखं लागतं. पॉलियुरेथेनच्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला वाईट, बंद खोलीत मारू नका. आणि जुन्या इनॅमलवर थेट इपॉक्सी मारलं तर त्यातलं थिनर जुन्या रंगाला सुरकुत्या पाडून उचलतं. एक तर सगळं खरवडा, नाही तर इनॅमलच चालू ठेवा.

इथे काजूचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. काजूच्या टरफलाचं तेल अंगावर उडालं की कातडी जाळतं, हे वेंगुर्ल्याकडच्या कोणालाही माहीत. त्याच तेलातल्या कार्डेनॉलपासून फिनाल्कमाइन नावाचे हार्डनर बनतात. दमट हवेत साध्या हार्डनरच्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि पुढचा हात धरत नाही. फिनाल्कमाइनवालं इपॉक्सी ओलसर हवा बरीच सहन करतं. दुकानात विचारून घ्या, आपल्या हवेला ते मानवतं.

किती हात मारायचे?

हात मोजू नका, जाडी मोजा. इनॅमलचा एक हात सुकल्यावर साधारण 25 ते 30 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो. प्रायमर एक, इनॅमल दोन, म्हणजे फारतर 90. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो, तेव्हा तुमचं गेट आणि अरबी समुद्र यांच्यात सव्वा केसाचं अंतर. किनाऱ्यावर आम्ही 250च्या आसपास धरतो.

हिशेब असा. 4 बाय 5 फुटांची ग्रिल, 12 मिलिमीटरचे चौकोनी गज, चार-चार इंचांवर. सगळे गज मिळून सुमारे 23 मीटर भरतात आणि रंगवायचं क्षेत्रफळ जेमतेम 1.1 चौरस मीटर. डब्यातला निम्मा भाग उडून जाणारा असेल तर एका लिटरमध्ये 100 मायक्रॉनचा थर 5 चौरस मीटरवर बसतो. म्हणजे कागदावर साडेचार ग्रिल, सांडलवंड धरून तीन.

आणि सगळ्यात आधी ब्रशने कडा, वेल्डिंगचे जोड आणि नटबोल्ट रंगवायचे, मग उरलेलं अंग. ओला रंग धारेवरून मागे सरकतो, तिथे थर पातळ होतो आणि गंज पहिला तिथूनच डोकावतो. स्प्रे मारणाऱ्याला हे पटत नाही. त्याला उभं राहून करायला लावा.

गॅल्वनाइज्ड पत्र्याला रंग का धरत नाही?

पत्र्यावर जस्त असतं. इनॅमलमधलं तेल आणि जस्त यांचा हळूहळू साबण होतो आणि रंग सालीसारखा सुटतो. आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्तावर पकड घेणारा प्रायमर मारा, मग वरचा रंग.

पत्रा घेताना जस्ताचं वजन विचारा. 120 ग्रॅम म्हणजे चौरस मीटरला, दोन्ही बाजू मिळून, एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन. 275 ग्रॅमवाल्याला साडेएकोणीसच्या आसपास. जाड लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवून काढलं तर 85 मायक्रॉन बसतात. खांब, छपराच्या कैच्या तशा करून घेता आल्या तर उत्तम. मात्र नंतर त्यावर वेल्डिंग केलं तर तिथलं जस्त जळतं, त्या जागी झिंक-रिच (भरपूर जस्त असलेला) प्रायमर लावा. तो काम करतो तो जस्त लोखंडाला टेकल्यावरच, त्यामुळे तिथलं लोखंड पांढरं स्वच्छ हवं.

स्टेनलेस स्टीलची रेलिंगही डागाळली. फसवलं का?

कदाचित. स्वस्तात मिळतं ते बहुतेक 202 नंबरचं स्टेनलेस, ते इथे टिकत नाही. 304 घरात ठीक, समुद्राकडच्या गॅलरीत त्यावर चहाच्या रंगाचे डाग येतात. 316मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, तेच घ्या, आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने पुसा.

स्लॅबमधल्या सळ्यांचं काय?

खाडीची रेती न धुता वापरली असेल तर गंज आतूनच पेरला गेला. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून स्लॅब खालून फुटून ढपले पडतात. आयएस 456 या 2000 सालच्या मानकात सळईच्या काँक्रीटमध्ये क्लोराइड घनमीटरला 0.6 किलोच्या वर नको, आणि उघड्या किनारी हवेत सळईवर 45 मिलिमीटरचं कव्हर (सळई झाकणारा काँक्रीटचा थर) हवं, असं आहे. आपल्याकडे कव्हर म्हणून जांभ्याची कपची ठेवलेली आम्ही पाहिली आहे. कॅल्शियम नायट्राइटसारखं गंजरोधक काँक्रीट कालवतानाच घालता येतं, पण ते इंजिनिअरला विचारून. ढपला पडल्यावर वरून नुसतं सिमेंट थापणं म्हणजे झाकपाक.

होडीच्या सुकाणूला लावलेल्या झिंकच्या पट्टीलाही रंग मारायचा का?

अजिबात नाही. ती पट्टी लोखंडाऐवजी स्वतः झिजावी म्हणूनच लावलेली असते. रंगवली की तिचं काम बंद. निम्म्याहून जास्त झिजली की बदला. अजिबातच झिजली नसेल तर खूश होऊ नका, बोल्टखालचा गंज घासून तिचा लोखंडाला स्पर्श होतो का ते बघा.

दिल्लीचा लोखंडी स्तंभ सोळाशे वर्षं कसा टिकला?

त्यातल्या जास्त फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर रक्षक थर तयार झाला, आणि दिल्लीची कोरडी हवाही मदतीला आली. आजच्या सळईत तेवढा फॉस्फरस नसतो.

ग्रिल पार खाल्लेली आहे. रंग मारून दोन वर्षं निघतील?

हातोडीने हलकेच ठोकून बघा. निरोगी गज टण् वाजतो, खाल्लेला भद्द वाजतो. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक रेटा. आत घुसलं तर रंगाचे पैसे वाचवा.

विशेषतः गज भिंतीत शिरतो ती जागा बघा. तिथे पाणी साचतं, वर चुना-सिमेंटचा लेप असतो आणि आत बोटाएवढा गज काडीएवढा झालेला असतो. वरून तो छान हिरवागार दिसतो, कारण रंगारी दरवर्षी तिथे जाड ब्रश फिरवतो. तेवढाच तुकडा कापून, नवा जोडून, जोडाला प्रायमरचे दोन हात आणि भिंतीशी सिलिकॉनची कड दिली तर बाकीची ग्रिल वाचते. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे, पण भिंत कोरडी असताना. म्हणजे पुन्हा दिवाळीनंतरच.